मधी कोन हाय?

खोली बघायला गेले तेव्हा मामांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पगारही विचारला नाही. ओट्यावर बसल्या बसल्या वर बघितलं आणि म्हणाले, "मधी कोन हाय?"

मी मागे वळून बघितलं. मागे एक शेळी भिंतीचा पोपडा चाटत उभी होती, बाकी कुणी नव्हतं.

"माझ्याबरोबर कुणी नाही," मी म्हटलं.

"बरूबर न्हाई, मधी. ही खोली हाय ह्ये तुमाला कुनी सांगितलं?"

आमच्या शाळेच्या पट्टेवाल्यानं सांगितलं होतं. खोली जमली की त्याला आठ आणे द्यायचे ठरले होते. काय लपवायचं, म्हणून मी ते सांगून टाकलं. मामांनी कपाळाला हात लावला.

"भाडं तीन रुपयं. आन त्या आठ आन्यातला एक पैसा बी त्याला दिऊ नका. ह्या गल्लीत चार दारं वाजवली असती तर खोली फुकाट घावली असती."

मी आठ आणे दिले. रोज शाळेत त्या माणसाचं तोंड बघायचं होतं. मामांना ते कळलं आणि पुढं कितीतरी वर्षं काहीही महाग घेतलं की मामा नुसतं म्हणायचे, "आठ आनं." एवढंच. त्यावर जो काही संताप यायचा तो मी पोळपाट आपटून काढायची.

सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही. सत्तरीकडे झुकलेले, उंच, जरा पोक आलेले. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्यांनी तीस वर्षं दलाली केली होती. एके दिवशी ती सोडली, गावातला वाटा विकला आणि नगरात येऊन हे चार खणांचं घर घेतलं. तीन खणांत ते आणि मामी, मागच्या एका खणात मी. अक्षरओळख सही करण्यापुरती, पण आकडा कुठलाही वाचायचे. आणि जगातल्या प्रत्येक व्यवहाराला त्यांचा एकच प्रश्न असायचा. तेल घाण्यावरून आणायचे, गूळ गुऱ्हाळावरून, खराटा तो वळणाऱ्या बाईच्या दारातून. पुतण्याचं लग्न ठरवायला मध्यस्थ आला तर त्याला गूळपाणी दिलं, वाटेला लावलं आणि स्वतः मुलीच्या बापाकडे जाऊन बसले.

दर शनिवारी पहाटे उठून ते केडगावला चालत जायचे. पुण्याच्या रस्त्यानं भाजीच्या गाड्या येत, त्या बाजारात पोचायच्या आत गाडीवानाकडून भाजी घ्यायची. मामींचा त्यावरून कायमचा वाद.

"तीन मैल जायचं, तीन मैल यायचं, आन वाचवायचं किती? दोन पैसं. वहानांचं तळ झिजत्यात त्ये कोन मोजतंय?" मामी मला ऐकवायच्या, म्हणजे खरं तर त्यांना. "आन तितंच ह्यांची सख्खी भन ऱ्हाती. तिच्या दारात पाय न्हाई. मेथी मातुर पायजे."

त्यावर मामा मेथी निवडायला बसत.

त्यांचा राग मध्ये बसणाऱ्या माणसावर होता असं मला बरेच दिवस वाटायचं. तसं नव्हतं. मामींनी एकदा पूजा घातली. भटजी आले, ताम्हनात पैसे पडले. मामांनी सगळ्यांदेखत विचारलं, "ह्यातलं देवाला किती आन तुमाला किती?" मामींनी डोळे मिटून घेतले. भटजी वयस्कर होते, हसरे होते. म्हणाले, "देवाला फुलं. पैसे सगळे मलाच." मामा इतके खूश झाले की त्यांनी उठून आणखी एक रुपया ठेवला. "त्वांडानं सांगितलं बगा," दिवसभर तेच चाललं होतं.

आणखी एक खूळ होतं. नगरची पौषातली थंडी, पहाटे हंड्यातलं पाणी हाताला चावायचं. मामा ओट्यावर घोंगडी पांघरून बसत, पण हात बाहेर. बोटं काळीनिळी पडायची. मामी ओरडायच्या, मी एकदा लोकरीचे हातमोजे विणून दिले, ते त्यांनी शेजारच्या पोराला देऊन टाकले. मी विचारलं तर म्हणाले, "हात झाकलं की मला चैन पडत न्हाई." आता यावर काय बोलणार?

माझं तेव्हा असं होतं. नवऱ्यानं दुसरं लग्न केल्यावर भावानं मला जामखेडला परत आणलं. सातवीची फायनल पास होते म्हणून नगरात मुलींच्या शाळेत चिकटले, पण बिनट्रेनिंगची. म्हणजे कधीही काढतील, आणि काढली की परत भावजयीच्या चुलीपुढं. भावजय वाईट नव्हती, पण ताटात दुसरी भाकरी वाढताना तिचा हात थांबायचा. तो थांबलेला हात मला जन्मभर बघायचा नव्हता. पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षं काढली की नोकरी पक्की. त्याला माझ्या हिशेबानं तीनशे रुपये हवे होते. पगार पंचवीस.

मी शाळेतल्या बायकांच्या भिशीत होते. मामांना कळलं. प्रश्न ठरलेलाच.

"मधी कुणी नाही," मी ठसक्यात म्हटलं. "आम्ही आठजणी, महिन्याला प्रत्येकीचे दोन रुपये, आळीपाळीनं एकीला सोळा."

"आन पैली पाळी कुनाची असती?"

"मोठ्या बाईंची. त्या सांभाळतात ना सगळं."

"आमी बी सांभाळायचो," मामा म्हणाले. "लोकांची बैलं." मग जरा वेळानं, "भिशी काय वाईट न्हाई, बाई. पर त्यात पैसं फकस्त फिरत्यात. वाडत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी मला पोस्टापर्यंत घेऊन गेले. पायरीशी थांबले. "आत एकल्या जा. मी आलो तर मधी मीच हुईन." आतल्या कारकुनानं दोन रुपये बघून नाक मुरडलं, पण पासबुक दिलं. बाहेर आले तर मामा म्हणाले, वाचा. भर रस्त्यात मी माझं नाव आणि दोन रुपये शून्य आणे शून्य पै असं मोठ्यानं वाचलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांचा नियम असा की पहिल्या तारखेला पोस्ट, दुसऱ्या तारखेला भाडं. "आदी सोताचं, मंग माजं." भाडेकरूला असं सांगणारा घरमालक मी दुसरा पाहिला नाही. तिसऱ्या तारखेला मामा स्वतः पोस्टात जात. मी दिलेले तेच तीन रुपये घेऊन जात आणि भरून येत, हे मला बऱ्याच उशिरा समजलं.

पोस्टाचं व्याज बारीक. मी कुरकुरायची. मामा म्हणायचे, "बारीक हाय, पर पुरतं तुमचं हाय. मधल्या मधी कोन खात न्हाई. तुमी फकस्त भरा आन इसरा." विसरणं मला जमलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या पासबुकाची पानं उलटायची माझी सवय तेव्हापासूनची.

लढाईच्या दिवसांत एकदा गावात आवई उठली. जपानी येतायत, सरकार पळून चाललंय, पोस्टाला कुलूप पडणार. किल्ल्यात देशाचे मोठे पुढारी कोंडलेले, रस्त्यावर लष्करी गाड्या, सुट्टे पैसे बाजारातून गायब, त्यामुळं काहीही खरं वाटायचं. शाळा सोडून मी धावत पोस्टात गेले. ही एवढी रांग! सगळ्यांच्या हातात पासबुकं, सगळे एकमेकांना ढकलतायत. माझे एक्केचाळीस रुपये होते. घामानं पासबुक ओलं झालं.

माझ्यापुढं दहा-बारा माणसं सोडून मामा उभे. मला जरा धीर आला, म्हटलं यांनाही अक्कल आली. त्यांचा नंबर आला. कारकुनानं वर न बघता विचारलं, "किती काढायचे?"

"तीन भरायचं हायत."

कारकुनानं वर बघितलं. मागची रांग हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याला ऐकू येत न्हाई."

"मला ऐकू येतंय," मामा वळून म्हणाले. "आज तीन तारीख हाय."

मी रांग सोडून पुढं गेले आणि त्यांना बाजूला ओढलं. "मामा, सरकार बुडालं तर?"

"मंग तुमी काय काढनार? रुपये?"

"रुपये नाहीत म्हणतात. नोटा देतायत."

"नोटंवर कुनाचं चित्र हाय?"

"राजाचं."

"आन पासबुक कुनाचं? त्याचंच. त्यो बुडाला तर दोनी बुडालं. एका कागदाचा दुसरा कागद करायला एवडी घामाघूम का झालासा? चला घरी, मामीनं धपाटी केल्यात."

मी घरी गेले. धपाटी खाल्ली, तरी आठ दिवस झोप नव्हती. पुढं काहीच झालं नाही. पोस्ट होतं तिथंच राहिलं. घाईनं पैसे काढून ज्यांनी सराफाकडं चांदी घेतली होती, त्यातले बरेचजण वर्षभरानं ती मोडून, सराफाची घट सोसून, गुपचूप पुन्हा त्याच खिडकीशी आले.

लढाई संपल्यावर बाजारपेठेत एक नवी बँक निघाली. काय थाट! दारात माणसाएवढा आरसा, आत वेताच्या खुर्च्या. मुलांच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर तिचे एजंट झाले. सज्जन माणूस, आवाज मऊ. पोस्टाच्या तिप्पट व्याज, आणि शंभर रुपये ठेवले की गजराचं घड्याळ भेट. माझ्याजवळ तोवर एकशे साठ जमले होते. मी पाटीवर हिशेब मांडला. बँकेत ठेवले तर चार महिने आधी पुण्याला जाता येणार होतं. भावाची पत्रं यायला लागली होती की फार झाली नोकरी, आता घरी ये.

मामांना सांगितलं तर ते म्हणाले, मास्तरांना चहाला बोलवा.

मास्तर आले. मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मास्तर, बाईंनी शंभर ठिवलं तर तुमाला त्यातलं किती?"

मास्तर कानापर्यंत लाल झाले. "ते म्हणजे... तो बँकेचा आणि माझा आपसातला विषय आहे."

"त्वांडानं सांगायला लाजताय. बरुबर हाय. मंग आमच्या बाजारातल्यावानी सांगा." असं म्हणून मामांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, मास्तरांचा हात हातात घेतला आणि दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं. "आमच्याकडं भाव असाच हुतो. आदी इकनाऱ्याची बोटं धरायची, मंग घेनाऱ्याची. वरनं बगनाऱ्याला काय दिसत न्हाई. दाबा बोटं."

मास्तरांना गंमत वाटली असावी. हसत हसत त्यांनी बोटं दाबली. मामींनी हे आतून बघितलं आणि हातातलं पातेलं खाली ठेवून त्या परसात निघून गेल्या.

मामांनी झटकन उपरणं ओढलं. त्यांच्या मुठीत मास्तरांची तीन बोटं होती.

"तीन," मामा मला म्हणाले. "शंभरातलं तीन ह्ये आदीच गेलं. मंग तुमचं घड्याळ. मंग त्यो आरसा, त्या खुर्च्या. ह्ये सगळं कुनाच्या पैशातनं? बाई, तुमच्या शंभरातलं कामाला किती ऱ्हायलं त्ये मोजा. आन उरलेल्यानं तिप्पट व्याज कसं आनायचं त्ये ह्यांना इचारा."

मास्तर चहा अर्धा टाकून गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी बोलावलेल्या माणसाचा असा अपमान! मी मामांना वाटेल ते बोलले. तुम्हाला सगळ्या जगात चोर दिसतात, म्हटलं. तीस वर्षं तुम्ही स्वतः काय केलंत?

मामा काही वेळ आपले हात बघत बसले. मग त्यांनी सांगितलं. सरळ, एका दमात, जसं कुणी सातबाऱ्याचा उतारा वाचून दाखवावा तसं.

एका बाजाराला एक अनोळखी माणूस बैलजोडी घेऊन आला होता. एक पांढऱ्या डागांचा बांडा, एकाचं शिंग मोडकं. मामांनी उपरण्याखाली त्याचा भाव चौसष्टाला केला आणि घेणाऱ्याचा पंचाहत्तरला. मधले अकरा खिशात. "बैल कुनाचं, का इकतोय, काय इचारलं न्हाई. बाजारात दात बगत्यात, शिंग बगत्यात. घरदार कोन इचारतंय?" पंधरा दिवसांनी केडगावहून सांगावा आला, दाजी गेले. बहिणीनं नवऱ्याचं दुखणं माहेरी कळवलंच नव्हतं, मानी बाई. मामा गेले. रडता रडता बहीण सांगत होती की दवाखान्यासाठी बैल विकावे लागले, शेजारी घेऊन गेला घोडेगावला, एक बांडा, एक मोडक्या शिंगाचा, चौसष्ट आले.

"अकरा रुपयं त्या घडीला माज्या खिशात हुतं," मामा म्हणाले. "अकरा रुपयात दवाखान्यात आजून किती दिस ऱ्हाता येतंय, बाई?"

मी मास्तरांची अर्धी राहिलेली कपबशी उचलून बाजूला ठेवली.

"तेराव्याला जेवलो न्हाई. तसाच उठून आलो. तवापास्नं तिच्या दारात गेलो न्हाई. गेलो तर त्ये इचारावं लागंल. आन ती म्हनली, व्हय, तेवड्यानं वाचला असता, तर?"

म्हणून दलाली सोडली, म्हणून हात झाकायचे नाहीत. आणि दर शनिवारी केडगावच्या रस्त्यावर बहिणीचं दार दिसेल अशा ठिकाणी उभं राहून मेथीची जुडी घ्यायची. माझ्या खोलीचं भाडं त्यांनी कधी घरात घेतलंच नव्हतं. माझ्या आधीच्या भाडेकरूंचंही नाही. ते सगळं बहिणीचं म्हणून पोस्टात पडत होतं.

इतकं ऐकल्यावर तरी मी शहाणी व्हावं की नाही? नाही झाले. चार महिने, चार महिने लवकर, हेच डोक्यात. मामांना न सांगता शंभर रुपये पोस्टातून काढले आणि त्या बँकेत ठेवले. घड्याळ ट्रंकेत कपड्यांखाली लपवलं. सकाळी मेला त्याचा गजर अख्ख्या घराला ऐकू गेला. मामांनी ओट्यावरून वळून माझ्या दाराकडं बघितलं आणि घोंगडी सारखी केली.

दीड वर्षात बँकेच्या दाराला कागद चिकटला. मी गेले तेव्हा समोरच्या दुकानाच्या पायरीवर ड्रॉइंग मास्तर डोक्याला हात लावून बसले होते. त्यांच्या आईच्या पाटल्या मोडून त्यांनीही तिथंच ठेवले होते. मी त्यांच्याशेजारी बसले. भांडायचं बळ नव्हतं. डोळ्यांपुढं जामखेडचं ते स्वयंपाकघर आणि थांबलेला हात.

मामा आले. मी मान खाली घातली. म्हटलं आता आठ आण्यांचे शंभर रुपये झाले, हे जन्मभर ऐकावं लागणार.

"घड्याळ चालतंय का?" मामांनी विचारलं.

"चालतंय."

"मंग उठा. शाळंची येळ झाली आसंल. मास्तर, तुमी बी उठा."

त्या दिवशी मी रडले ती पैशासाठी नाही. त्यानंतर त्या शंभराचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही, आणि खरं सांगायचं तर 'आठ आनं' म्हणणंही त्यांनी तेव्हापासून सोडून दिलं. पोस्टातले राहिले होते, त्यात महिन्याला पाच-पाच घालत मी तीनशे गाठले. हवं होतं त्यापेक्षा दीड-दोन वर्षं उशिरा, पण गाठले. भावाला पत्र टाकलं, मी पुण्याला चालले आहे.

निघायच्या सकाळी मोटारीपर्यंत पोचवायला मामा आले. ट्रंक टपावर चढली. मी आत बसले, तसे मामा खिडकीशी आले आणि सदऱ्यातून एक जाडजूड पाकीट काढलं. पोस्टातलं सगळं काढून आणलं होतं. चारशेच्या वर.

"तुमची मोटार केडगावला थांबती. रस्त्याला लागूनच घर हाय, दारात लिंब. आक्काला येवडं द्या. म्हनावं, पोस्टातनं आलंय. तिच्या धन्याचं काईतरी राहिलं हुतं म्हनावं."

मी पाकीट हातात घेतलंही होतं. मामांना गेल्या वर्षापासूनचा खोकला होता. एवढं तर काम. कुणीही केलं असतं. पण ज्या माणसानं मला पोस्टाच्या पायरीवरून एकटीला आत पाठवलं होतं, त्याच्यासाठी मी खोटं बोलायचं?

"मामा," मी म्हटलं, "मधी कोन हाय?"

मोटारीतली दोन-तीन माणसं बघायला लागली. मामांच्या तोंडाचा रंग उडाला. मला वाटलं, फार बोलले, आता हे वळून घरी जाणार आणि मी त्यांना पुन्हा भेटणारही नाही. पाकीट मी खिडकीतून तसंच पुढं धरून ठेवलं. कंडक्टरनं घंटी मारली.

मामांनी पाकीट घेतलं, मागच्या दारानं आत चढले आणि दाराशी उभे राहिले. "केडगाव एक," ते कंडक्टरला म्हणाले.

केडगावला मीही उतरले आणि ट्रंक उतरवून घेतली. दुपारची मोटार होतीच. एकटे सोडले असते तर हे लिंबाला हात लावून परत फिरले असते, याची मला खात्री होती. पण दारात गेले नाही. रस्त्याच्या अलीकडं ट्रंकेवर बसून राहिले.

आक्का अंगणात जोंधळे पाखडत होत्या. मामांसारख्याच उंच. भावाला बघून त्यांचा सूप धरलेला हात थांबला. मामा उभ्यानंच बोलले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण मध्येच त्यांनी पाकीट काढून दोन्ही हातांवर उघडं धरलं. आक्कांचा आवाज मात्र शेतातला, दोन वावरं ओलांडून जाणारा.

"तू? त्यो दलाल तू हुतास?"

मामांनी मान हलवली. आक्कांनी सूप खाली आपटलं. जोंधळे अंगणभर झाले.

"आरं मुडद्या! अकरा रुपयापायी सतरा वर्सं माज्या दारात पानी पेला न्हाईस? दर शनवारी त्या तितं उबा ऱ्हातोस, मला दिसत न्हाई व्हय? मी आपली म्हनती, माज्या हातनं काय चुकलं! माजा भाऊ माज्यावर का रुसला! सतरा वर्सं मी ह्येच म्हनती!"

त्या रडत होत्या आणि शिव्या देत होत्या. मामा तसेच उभे. मग त्यांनी काहीतरी विचारलं. अगदी बारीक आवाजात. काय विचारलं असेल ते मला माहीत होतं आणि मी ट्रंकेवरून उठून उभी राहिले.

आक्कांनी पदरानं नाक पुसलं.

"कशाचं दवाखान्यात ऱ्हायचं? डाक्तरनंच घरी न्यायला सांगितलं. काय उपेग न्हाई म्हनला. चौसष्टातलं चौदा तर तसंच माघारी आलं हुतं. त्या उतरंडीत हुतं किती दिस." आणि मग भावाकडं वळून, "इचारायचं न्हाईस व्हय रं मला?"

मामा ओट्यावर बसले. आक्का शेजारी बसल्या. पाकिटातल्या नोटा त्यांनी मोजल्या, बोट जिभेला लावून, नीट. परत करण्याची भाषा नाही. घडी करून कमरेला खोचल्या. मग भावाचे दोन्ही हात ओढून आपल्या मांडीवर घेतले आणि त्यावर पदर टाकला.

मामांनी हात काढून घेतले नाहीत. पदराखाली कोण कुणाची बोटं दाबत होतं, ते मला दिसत नव्हतं. दुपारची मोटार आली तेव्हाही ती दोघं तशीच बसली होती. मी ट्रंक टपावर चढवली आणि कंडक्टरला पुण्याचं तिकीट मागितलं.